दोन हजार रुपयांची तडजोड

रखमाबाईंचे लग्न इंग्लंडच्या राणीने मोडले, अशी एक गोष्ट आपल्याकडे वर्षानुवर्षे सांगितली जाते. मुंबईची एक मुलगी, लहानपणी लावून दिलेले लग्न, नवऱ्याने केलेला दावा, तुरुंगाची भीती आणि शेवटी राणीने काढलेला हुकूम! गोष्ट ऐकायला गोड आहे. तिच्यात दुष्ट माणूस आहे, सोसणारी मुलगी आहे आणि शेवटी न्याय देणारे सिंहासनही आहे. अडचण एवढीच, की ती खरी नाही. व्हिक्टोरिया राणीने ते लग्न मोडले नाही आणि कुठल्या न्यायाधीशानेही मोडले नाही. १८८४ साली मुंबईच्या हायकोर्टात सुरू झालेला तो दावा १८८८ च्या जुलै महिन्यात मिटला, तो कोर्टाबाहेर, दोन हजार रुपयांच्या तडजोडीने.

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. माझ्यातल्या कादंबरीकाराला राणीची गोष्ट आवडायला हरकत नव्हती. पण बँकेतला माणूस मात्र त्या दोन हजार रुपयांपाशी येऊन थांबतो. हातात कोर्टाचा हुकूमनामा असताना माणूस तडजोडीला का तयार होतो, हा प्रश्न आम्हा बँकवाल्यांच्या रोजच्या ओळखीचा. आणि नवरा-बायकोचे भांडण, लेकराचा ताबा, पोटगी, दागिने यांवरून आज जी घरे कोर्टाची पायरी चढतात, त्यांच्यासाठी या प्रश्नाचे उत्तर फार कामाचे आहे. म्हणून रखमाबाईंची गोष्ट आज पुन्हा सांगतो आहे. मात्र या वेळी ती तडजोडीच्या बाजूने.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, मुंबईतला. वडील जनार्दन पांडुरंग, आई जयंतीबाई; जात सुताराची. मुलगी अडीच-तीन वर्षांचीही झाली नव्हती तोवर वडील गेले. जयंतीबाई तेव्हा स्वतःच सतरा वर्षांच्या आसपासच्या. पुढे काही वर्षांनी त्यांनी पुनर्विवाह केला, तो डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी. हे गृहस्थ विधुर होते. मुंबईतले नामांकित डॉक्टर, वनस्पतिशास्त्राचे जाणकार. १८८३ साली मुंबईत निसर्गाच्या अभ्यासासाठी जी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी निघाली, तिच्या आठ संस्थापकांत दोनच भारतीय होते. त्यांतले एक हे.

पुनर्विवाह करण्यापूर्वी जयंतीबाईंनी पहिल्या नवऱ्याची मालमत्ता मुलीच्या नावे करून दिली. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने विधवेला लग्नाची मोकळीक दिली खरी, पण लग्न केले की आधीच्या नवऱ्याच्या इस्टेटीवरचा तिचा हक्क संपे. त्याच कायद्यात आणखी एक कलम होते. विधवेने पुन्हा लग्न केले आणि मयत नवऱ्याने मृत्युपत्रात मुलांचा पालक नेमून ठेवलेला नसला, तर त्याचे नातेवाईक मुलांसाठी दुसरा पालक नेमावा म्हणून कोर्टात अर्ज करू शकत. म्हणजे आईने स्वतःचे आयुष्य नव्याने मांडायचे ठरवले, की पोटचे मूल हातचे जाण्याची शक्यता कायद्यानेच उघडी ठेवलेली. रखमाबाई मात्र आईजवळच राहिल्या आणि सावत्र वडिलांच्या घरात सख्ख्या मुलीसारख्या वाढल्या. पुढे त्यांनी आयुष्यात जे केले ते त्या घरात पेरले गेले होते. मुलाचा ताबा कुणाकडे, हा आपल्याला आजचा वाटणारा प्रश्न या गोष्टीच्या पहिल्याच पानावर आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न झाले. नवरा दादाजी भिकाजी, वय एकोणीस, सखाराम अर्जुनांच्याच नात्यातला. घरची गरिबी. ठरले असे, की दादाजीने घरजावई म्हणून राहावे, सासऱ्यांच्या खर्चाने शिकावे आणि मार्गाला लागावे. लग्नानंतर थोड्याच महिन्यांत रखमा वयात आली. रिवाजाप्रमाणे गर्भाधान व्हायला हवे होते. सखाराम अर्जुन डॉक्टर होते. इतक्या कोवळ्या वयात संसार सुरू करण्यातला धोका त्यांना कळत होता, त्यांनी नकार दिला. दादाजीला ते रुचले नाही. शिक्षणातही त्याचे मन रमले नाही. पुढे आई वारल्यावर तो मामाकडे, नारायण धुर्माजीकडे, राहायला गेला. शाळा सुटली, कर्ज झाले. मामाच्या घरचे वातावरणही चांगले नव्हते. रखमाने नांदायला यावे असे मामा-भाच्यांना वाटू लागले, तेव्हा तिने जायचे नाकारले. तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि सावत्र वडील तिच्या पाठीशी उभे राहिले.

त्यानंतरची सात-आठ वर्षे या मुलीने घरात बसून वाचनात काढली. शाळा सुटली होती, पण मिशनच्या वाचनालयातून पुस्तके येत. प्रार्थना समाजाच्या मंडळींची ऊठबस घरात होती. मुंबईच्या आर्य महिला समाजाच्या कामात त्या शिरल्या. इकडे दादाजीचा वकिलामार्फत तगादा सुरू झाला आणि १८८४ साली त्याने हायकोर्टात दावा लावला. मागणी एकच: माझी बायको माझ्या घरी पाठवा.

या दाव्याची गंमत अशी, की हा प्रकार आपल्या धर्मशास्त्रातला नव्हता. वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा इंग्लंडातल्या चर्चच्या न्यायालयांतून आला आणि इंग्रजी कोर्टांबरोबर आपल्याकडे रुजला. हुकूम मोडणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची सोय इंग्लंडने ज्या १८८४ साली रद्द केली, त्याच साली मुंबईत रखमाबाईंवर दावा दाखल झाला. आपल्याकडच्या दिवाणी कायद्यात मात्र सहा महिन्यांपर्यंतच्या तुरुंगाची तरतूद कायम होती.

रखमाबाईंतर्फे जे वकील उभे राहिले त्यांत काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते. नवऱ्याजवळ बायकोला पोसण्याचे साधन नाही, त्याची प्रकृती ठीक नाही आणि तो ज्या मामाच्या आश्रयाला आहे तिथे मानाने राहता येणार नाही, असे बचावाचे मुद्दे होते. लग्नाला आपली संमती कधी घेतलीच गेली नाही, हा मुद्दा पुढे सगळ्यांत गाजला. खटला उभा राहण्याआधीच, १८८५ च्या एप्रिलात, सखाराम अर्जुन वारले. ज्या माणसाच्या शब्दावर हे घर उभे होते तोच गेला. त्याच वर्षी टाइम्स ऑफ इंडियात हिंदू लेडी या टोपणनावाने दोन पत्रे छापून आली. बालविवाहावर आणि बायकांच्या स्थितीवर इतके थेट लिहिणारी बाई कोण, याची मुंबईत चर्चा झाली. त्या रखमाबाई होत्या.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी दादाजीचा दावा फेटाळला. ज्या मुलीने कधी संसारच केला नाही, तिला मनाविरुद्ध पाठवण्याचा हुकूम देता येणार नाही, असे त्यांचे मत पडले. सुधारकांनी टाळ्या वाजवल्या. सनातन्यांनी आरोळी ठोकली. टिळकांसारख्या नेत्यानेही निकालावर कडक टीका केली. हिंदूंच्या विवाहसंस्थेत इंग्रजी कोर्टाने हात घातला, असे त्या बाजूचे म्हणणे होते. दादाजीने अपील केले. सरन्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी १८८६ च्या एप्रिलात पिन्हींचा निकाल फिरवला आणि प्रकरण पुन्हा चौकशीसाठी खाली पाठवले. शेवटी ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: रखमाबाईंनी महिन्याच्या आत नवऱ्याच्या घरी जावे, नाहीतर सहा महिने तुरुंग.

रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. तेव्हा त्यांचे वय बावीस.

आता दादाजीच्या बाजूने जरा विचार करून पाहा. तो जिंकला होता. हायकोर्टाचा हुकूमनामा त्याच्या खिशात होता. पण त्या हुकूमनाम्याचे तो करणार काय? बायकोला तुरुंगात पाठवले तर सहा महिन्यांनी ती सुटून येणार, ती आईकडे. संसार सुरू होणार नाही तो नाहीच. वर साऱ्या हिंदुस्थानात आणि विलायतेत नाचक्की. रखमाबाईंच्या बचावासाठी समिती उभी राहिली होती. तिच्यात बेहरामजी मलबारी होते, एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य वर्ड्‌सवर्थ होते. विलायतेतून मॅक्समुल्लरसारखा पंडित तिच्या बाजूने लिहीत होता. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत नेण्याची भाषा चालली होती. एवढी झुंज द्यायला दादाजीजवळ पैसा कुठे होता?

बँकेत वसुलीच्या विभागात काम केलेल्या कुणालाही ही अवस्था नीट समजेल. आमच्याकडे दावा जिंकल्यावर शाखेत पेढे येत आणि त्यानंतर खरी डोकेदुखी सुरू होई. हुकूमनामा मिळवणे एक आणि त्याची बजावणी दुसरी. दरखास्त लावायची, बेलिफाच्या मागे हिंडायचे, जप्तीला गेले तर घरात दोन भांडी आणि एक मोडका माग. वर्षे जात, खर्च वाढे, वसुली शून्य. शेवटी एखादा शहाणा व्यवस्थापक कर्जदाराला समोर बसवून चहा पाजी आणि एकरकमी रक्कम ठरवून प्रकरण मिटवी. मी त्या वर्षांत एक गोष्ट शिकलो. कागद देणे कोर्टाच्या हातात असते, पण माणसाचे मन वळणे त्या दोन माणसांच्याच हातात असते. जिथे पैशांच्या बाबतीत हे खरे, तिथे संसाराच्या बाबतीत किती खरे असेल!

दादाजी आणि रखमाबाई यांच्यात जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. खर्चापोटी दादाजीला दोन हजार रुपये मिळाले आणि त्याने आपला हुकूमनामा बजावायचा नाही असे मान्य केले. पुढच्याच वर्षी त्याने दुसरे लग्न केले. पुरुषाला ती मुभा होतीच. रखमाबाई त्याच १८८९ साली विलायतेला गेल्या, डॉक्टरकी शिकायला. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पेची यांनी त्यांना हुरूप दिला, इंग्लंडात मॅक्लारेन पतिपत्नींनी आधार दिला. लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकून, परीक्षा देऊन त्या १८९४ साली डॉक्टर झाल्या. परत आल्यावर सुरतेच्या स्त्रियांच्या दवाखान्यात त्यांनी वीसहून अधिक वर्षे काम केले आणि पुढे राजकोटच्या जनाना हॉस्पिटलात, १९२९ च्या सुमारास निवृत्त होईपर्यंत. पडद्याच्या चालीविरुद्ध त्यांनी पुस्तिका लिहिली, राजकोटला रेडक्रॉसचे काम उभे केले. सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिले. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदी पार करून, त्या वारल्या. मोहिनी वर्दे यांनी मराठीत त्यांचे चरित्र लिहिले आणि पुढे त्यांच्यावर चित्रपटही निघाला.

दोन हजार रुपयांत एवढे आयुष्य सुटले. कुठल्याही हुकूमनाम्याने हे दिले नसते.

पण या तडजोडीची दुसरी बाजू झाकून ठेवणे बरे नाही. तडजोडीने दावा मिटला, लग्न मिटले नाही. हिंदूंत घटस्फोटाचा कायदाच तेव्हा नव्हता. दादाजीला दुसरी बायको करता आली, रखमाबाई मात्र कागदोपत्री शेवटपर्यंत त्याचीच पत्नी राहिल्या. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. १९०४ साली दादाजी वारला, तेव्हा सुरतेच्या या विलायत पाहून आलेल्या डॉक्टरीणबाईंनी विधवेचे पांढरे लुगडे नेसायला सुरुवात केली, असे त्यांच्या चरित्रात आहे. ज्या नात्याला त्यांनी भर कोर्टात नाकारले, त्याचे सुतक त्यांनी का पाळले? कादंबरीकार म्हणून मी या जागी दहा उत्तरे रचू शकेन, पण त्यांतले एकही त्यांच्या तोंडी घालायचा मला अधिकार नाही. एवढे मात्र दिसते, की कायद्याने दार बंद ठेवले असले तर तडजोड खिडकी उघडते. दार ते दारच. ते उघडायला कायदाच लागतो.

ते दार देशभर उघडले १९५५ साली. हिंदू विवाह कायदा मे महिन्यात अमलात आला आणि सप्टेंबरात रखमाबाई गेल्या. म्हणजे घटस्फोटाचा हक्क हिंदू स्त्रीला देशभर मिळाला, तेव्हा त्या हयात होत्या, चार महिन्यांपुरत्या! पुढे १९७६ साली परस्परसंमतीने घटस्फोटाची तरतूद आली. नांदायला न जाणाऱ्या बायकोला तुरुंगात टाकण्याची सोय तर १९२३ सालीच गेली होती. पण ज्या दाव्याने रखमाबाईंना कोर्टात ओढले, तो नांदायला पाठवण्याचा दावा हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात राहिला. इंग्लंडने तो १९७० साली मोडीत काढला. आपल्याकडे आंध्रच्या हायकोर्टाने १९८३ साली हे कलम घटनाबाह्य ठरवले, तर पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने ते योग्य ठरवले.

आता आजच्या काळाकडे येऊ. मी राहतो सोलापुरात, भवानी पेठेत. मागाची खडखड ऐकत दिवस उगवणारी ही वस्ती. घरात तेलुगू, बाजारात मराठी, मधूनच कन्नड. पुरुष चादरी-टॉवेलच्या कारखान्यांत, अनेक घरांत बायका विड्या वळणाऱ्या. नवरा-बायकोचे बिनसले की अशा वस्तीत आधी चार माणसे बसतात. निवृत्त बँकवाला हिशेबाला बरा म्हणून मलाही अशा बैठकांना बोलावले गेले आहे. दागिने कुणाचे, मुदतठेव कुणाच्या नावाची, टीव्हीचे हप्ते कुणी भरले, हे मी कागदावर मांडून द्यायचे. या बैठकांतून काही घरे सावरली, हे मी पाहिले आहे. पण एक गोष्ट खटकत राहिली. बोलायचे ते दोन्हीकडचे पुरुष. जिच्या संसाराचा निवाडा चाललेला, ती आत, दाराच्या चौकटीला टेकून उभी. शेवटी तिला बाहेर बोलावून सांभाळून घे म्हणायचे, तिने मान हलवली की मिटले. याला तडजोड म्हणायचे का?

रखमाबाईंच्या प्रकरणातही सुरुवातीपासून वडीलधारे मध्ये होतेच की. लग्न वडीलधाऱ्यांनी ठरवले, घरजावई करून घेण्याचा करार त्यांनी केला, मामाने भाच्याला चढवले. ते सगळे फिसकटले. जी तडजोड टिकली, ती चार वर्षांनंतरची. ती टिकली कारण तोवर रखमाबाईंच्या नाही म्हणण्याला वजन आले होते. तुरुंगात जाईन पण येणार नाही, हे म्हणणारी बाई समोर बसली तेव्हाच दादाजी देण्या-घेण्याच्या भाषेवर आला. मला या साऱ्या प्रकरणाचे सार इथे दिसते. ज्या माणसाला नाही म्हणता येते त्याच्याच हो ला अर्थ असतो. तसे नसेल तर कागदावर सह्या असतात, पण त्याला तडजोड म्हणता येत नाही.

आजची न्यायालयीन मध्यस्थी याच पायावर उभी करण्याचा प्रयत्न आहे. कौटुंबिक न्यायालयांचा कायदा १९८४ चा. दाव्याच्या हातघाईआधी समेटाचा प्रयत्न करणे त्याने न्यायाधीशांचे कर्तव्यच ठरवले. महाराष्ट्रात १९८९ साली पुण्यात आणि मग मुंबईत अशी न्यायालये सुरू झाली, त्यांत समुपदेशक आले. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ८९ व्या कलमाने २००२ पासून मध्यस्थीला रीतसर जागा मिळाली. २०१३ साली सुप्रीम कोर्टाने वैवाहिक तंट्यांत आधी मध्यस्थीची वाट दाखवा असे न्यायालयांना सांगितले. २०२३ साली संसदेने स्वतंत्र मध्यस्थी कायदाच संमत केला.

काम कसे चालते? न्यायाधीश दोघांना मध्यस्थाकडे पाठवतात. मध्यस्थ हा या कामाचे प्रशिक्षण घेतलेला माणूस असतो, बहुधा वकील किंवा न्यायाधीश. तो निवाडा देत नाही, कोण चुकले हे सांगत नाही. आधी दोघांना एकत्र ऐकतो, मग एकेकाला वेगळे. वेगळ्या बैठकीत सांगितलेले परवानगीवाचून दुसऱ्याला सांगायचे नाही आणि या खोलीत बोललेले कोर्टात पुरावा म्हणून वापरायचे नाही, हा नियम. जमले तर अटी लिहून दोघांच्या सह्या होतात आणि न्यायालय त्यावर हुकूम करते. नाही जमले तर दावा जिथे होता तिथून पुढे सुरू. कुणाचा हक्क बुडत नाही. मिटले म्हणजे पुन्हा एकत्रच नांदले पाहिजे असेही नाही. मानाने वेगळे होणे हेही मिटणेच आहे.

त्या बंद दाराचे महत्त्व रखमाबाईंच्या प्रकरणाकडे पाहिले की कळते. १८८७ साली दादाजीने आपली बाजू मांडणारी पुस्तिका छापली. रखमाबाईंनी वर्तमानपत्रातून उत्तर दिले. घरातले जे जे म्हणून झाकायचे असते, ते सारे शहराने चहाबरोबर वाचले. एकदा छापून आलेला शब्द मागे घेता येत नाही. आज वर्तमानपत्राची जागा मोबाइलवरच्या नातेवाइकांच्या गटांनी घेतली आहे, एवढाच फरक.

रखमाबाईंना मूल नव्हते, म्हणून त्यांची तडजोड दोन हजारांत आटोपली. मूल असले की हिशेब अवघड होतो, कारण पैशांसारखे मूल वाटता येत नाही. मुलाचा ताबा आईकडे की बापाकडे, एवढाच प्रश्न कोर्टाला विचारला तर उत्तरही तेवढेच येते: एक जिंकतो, एक हरतो. रविवारी किती वाजता न्यायचे, दिवाळी कुणाकडे, शाळेची फी कुणी भरायची, आजीला फोन कधी करायचा, मूल आजारी पडले तर आधी कुणाला कळवायचे, या शंभर बारक्या गोष्टी आईबापांनीच बसून ठरवाव्या लागतात. मध्यस्थाच्या खोलीत त्या ठरू शकतात. आईबाप काहीही ठरवोत, ते मुलाच्या हिताचे आहे की नाही हे न्यायालय पाहते आणि परिस्थिती बदलली तर ताब्याचा हुकूमही बदलता येतो. ही राखण हवीच. आपल्या बैठकीत ज्याला जागा नसते असा एकच पक्षकार असतो, तो म्हणजे मूल.

बँकेत अज्ञान मुलाचे खाते उघडताना पालक म्हणून कुणाची सही, हा प्रश्न आमच्या टेबलावर नेहमी येई. बापाचीच हवी अशी जुनी समजूत. गीता हरिहरन या लेखिकेने रिझर्व्ह बँकेविरुद्ध हाच प्रश्न सुप्रीम कोर्टात नेला. मुलाच्या नावाने रोखे घ्यायला आईची सही चालत नाही, असे तिला सांगितले गेले होते. १९९९ साली कोर्टाने आईही नैसर्गिक पालक आहे असा कायद्याचा अर्थ लावला. मला तो निकाल वाचताना जयंतीबाई आठवल्या. आपल्या लेकीवरचा हक्क सही करून सिद्ध करण्याची वेळ त्या बाईच्या काळात आलीच नसती, कारण सही विचारलीच गेली नसती.

मध्यस्थी म्हणजे सगळ्या दुखण्यांवरचे औषध, असा माझा दावा नाही. जिथे मारहाण आहे, जिथे बाई समोरच्या माणसाच्या नजरेला घाबरते, तिथे दोघांना एका टेबलाशी बसवून समसमान म्हणणे हा तिच्यावरचा दुसरा अन्याय आहे. तिथे आधी संरक्षण, आधी कायदा. भीती गेल्यावर हवे तर बोलणे. शिवाय ज्या घरात बाईच्या हातात स्वतःची कमाई नाही, परतून जायला माहेर नाही, भाषा येत नाही, त्या घरची बाई कुठल्याही कागदावर सही करील. मध्यस्थाने आधी तिला नाही म्हणण्याइतके उभे करावे. आमच्या पेठेत त्यासाठी तेलुगू येणारा मध्यस्थ लागेल, हीदेखील साधीच पण मोठी गोष्ट.

रखमाबाईंजवळ शिक्षण होते, मालमत्ता होती, पाठीशी आई होती, मुंबईतली बडी मंडळी होती. तरी त्यांना चार वर्षे लागली आणि तुरुंगाच्या दारापर्यंत जावे लागले. हे काहीच नसलेल्या मुली आज विड्यांचे सूप मांडीवर घेऊन बसल्या आहेत. त्यांच्यातल्या एखादीला उद्या चार माणसांपुढे बोलावले गेले, तर तिला चौकटीला टेकून उभी करू नका. आत घ्या, खुर्ची द्या आणि सगळ्यांत आधी तिला बोलू द्या. तिला हवे असेल तर न्यायालयातल्या मध्यस्थाकडे घेऊन जा. सह्यांचा कागद पुढे सरकवण्याआधी तो तिच्या भाषेत वाचून दाखवा. आणि तिने नाही म्हटले, तर कागद मागे घ्या.